मरिनर ९ चा ३२ बिटांचा कोड: आधी डीकोडर, मग कोड

१४ नोव्हेंबर १९७१ रोजी मरिनर ९ मंगळाभोवती फिरू लागले. दुसऱ्या ग्रहाभोवती फिरणारे हे पहिलेच यान. पण ते पोचले तेव्हा खाली बघण्यासारखे काही नव्हते. सप्टेंबरमध्ये उठलेल्या धुळीच्या वादळाने सगळा ग्रह झाकून टाकला होता आणि धुळीतून फक्त चार काळे ठिपके वर आलेले दिसत होते. धूळ खाली बसल्यावर कळले की ते प्रचंड ज्वालामुखींचे माथे होते. पुढच्या ऑक्टोबरपर्यंत यानाने ७,३२९ चित्रे पाठवली. मंगळावरच्या ज्या भल्याथोरल्या दरीला आज व्हॅलिस मरिनेरिस म्हणतात तिला या यानाचेच नाव मिळाले आहे.

ही चित्रे पृथ्वीवर ज्या कोडमधून आली तो चूक-दुरुस्तीच्या जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. ३२ बिट लांबी, ६ बिट माहिती, ७ चुकांची दुरुस्ती, असे एका ओळीत सांगून पुस्तक पुढे सरकते. माझ्या मते त्या ओळीत खरी गोष्ट हरवते. हा कोड टिकला तो त्याचा डीकोडर (आलेल्या चिन्हांतून मूळ माहिती परत काढणारा भाग) बांधता आला म्हणून. कमी गुंतागुंतीचा कोड कसा घडवायचा हे शिकायचे असेल तर याच्याइतके उघडेवाघडे, हाताने तपासून पाहता येईल असे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. म्हणून ते इथे सविस्तर मांडतो आहे.

अडचण काय होती

मंगळ त्या वेळी पृथ्वीपासून सुमारे १२ कोटी किलोमीटरवर होता. यानाच्या ट्रान्समीटरची ताकद २० वॅट, म्हणजे घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बपेक्षाही कमी. ऐकायला कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनची ६४ मीटर व्यासाची डिश. एवढ्या मोठ्या डिशमध्येही जे पोचायचे ते इतके क्षीण असायचे की रिसीव्हरची स्वतःची खरखर त्याच्या बरोबरीने वाजायची.

मरिनर ४ ने १९६५ साली मंगळाची पहिली जवळून घेतलेली चित्रे पाठवली तेव्हा वेग होता सेकंदाला ८ बिटांच्या आसपास. २०० × २०० ठिपके, प्रत्येक ठिपक्याला ६ बिट, म्हणजे एका चित्राचे २,४०,००० बिट. एक चित्र यायला आठ तास लागायचे. मरिनर ९ च्या चित्रात ७०० ओळी आणि प्रत्येक ओळीत ८३२ ठिपके होते. एकेक चित्र ५० लाख बिटांच्या वर जायचे. यानावरच्या टेपमध्ये १८ कोटी बिट मावायचे आणि गोल्डस्टोनच्या आकाशात मंगळ असेल तेवढ्या वेळातच टेप रिकामी करायची होती. त्यासाठी वेग ठरला सेकंदाला १६,२०० बिट. या वेगाने पूर्ण टेप उतरायला तीन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. त्यातच जोडीचे मरिनर ८ मे महिन्यात उड्डाणातच समुद्रात पडले होते, त्यामुळे दोघांचे काम एकट्या ९ वर आले होते.

ताकद वाढवायची तर वजन वाढते. डिश मोठी करायची तरीही वजन वाढते. फ्रिक्वेन्सीची जागा मात्र मुबलक होती. १२ कोटी किलोमीटरच्या वाटेवर शेजारी कोण? म्हणून प्रत्येक ६ बिटांमागे ३२ चिन्हे पाठवणे परवडत होते. सेकंदाला १६,२०० बिट म्हणजे २,७०० गट आणि ८६,४०० चिन्हे. या परिस्थितीत बँडविड्थ, म्हणजे फ्रिक्वेन्सीची जागा, ओतायची आणि ताकद वाचवायची, हा सौदा योग्यच होता. मोबाइलच्या मनोऱ्यावर हाच सौदा दिवाळखोरी ठरेल. कोड चांगला की वाईट हे विचारण्याआधी तो कुठल्या वाटेवर चालणार आहे हे विचारावे लागते.

पाच वेळा सांगून का भागत नाही

सुरुवातीला सगळ्यांना सुचते ते हेच: प्रत्येक बिट पाच वेळा पाठवा आणि बहुमत घ्या. कागदावर ते उत्तम दिसते. समजा वाटेत १०० चिन्हांतली ५ चुकतात. काहीही न करता पाठवलेला ६ बिटांचा गट १०० पैकी २६ वेळा बिघडेल. पाच वेळा पाठवून बहुमत घेतले तर १,००० पैकी ७ वेळा. मोठीच सुधारणा वाटते.

पण इथे हिशेबात एक फसवणूक दडलेली आहे. पाच चिन्हे पाठवायला पाचपट वेळ किंवा पाचपट ऊर्जा लागली. तीच ऊर्जा एकाच बिटावर खर्च केली असती, म्हणजे तो बिट पाचपट वेळ धरून ठेवला असता, तर खरखर आपोआपच सरासरीने मंदावली असती. ५ टक्के चुकीच्या त्याच वाटेवर एकेक बिट ३२/६ पट लांब करून पाठवला तर ६ बिटांचा गट १०,००० पैकी फक्त ४ वेळा बिघडतो. म्हणजे पुनरावृत्ती बिनकोडच्या संथ बोलण्यापेक्षाही वाईट निघाली. बहुमत घेताना 'हे चिन्ह ठामपणे १ आहे' आणि 'हे कसेबसे १ आहे' यांतला फरक आपण फेकून दिला, त्याचा हा दंड.

फोनवर नीट ऐकू येत नसले की आपण तेच अक्षर पाच वेळा ओरडत नाही. 'प पतंगातला, ब बदकातला' असे सांगतो. एकमेकांपासून लांब असलेले शब्द निवडतो, म्हणजे अर्धा शब्द ऐकू आला तरी घोटाळा होत नाही. कोडचेही तेच. ६ बिटांचे ६४ वेगवेगळे गट होतात. त्यांच्यासाठी ३२ चिन्हांचे ६४ शब्द असे निवडायचे की कुठलेही दोन शब्द शक्य तितक्या जागी वेगळे असतील.

मरिनरच्या कोडमध्ये कुठलेही दोन शब्द किमान १६ जागी वेगळे असतात. याहून बरे करता येते का? नाही. लांबी ३२ आणि अंतर १६ असेल तर ६४ हून जास्त शब्द बसूच शकत नाहीत, ही प्लॉटकिन यांची मर्यादा आहे. इथे आपल्याकडच्या वाचकाला जवळचे असे एक नाव येते. या मर्यादेला नेमके टेकणारे कोड आणि हॅडामार्ड मॅट्रिक्स (अधिक-उणे एकांचा असा चौरस तक्ता की कुठल्याही दोन ओळी निम्म्या जागी वेगळ्या असतात) ही एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत, हे राजचंद्र बोस आणि शरदचंद्र श्रीखंडे यांनी १९५९ च्या एका निबंधात मांडले. श्रीखंडे नागपूरच्या विज्ञान महाविद्यालयात शिकले आणि १९६३ पासून मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख होते. त्याच १९५९ मध्ये बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांनी ऑयलरचे लॅटिन चौरसांबद्दलचे जुने अनुमान खोटे ठरवले आणि ती बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली. ऑयलरची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. कोडवरचा हा निबंध मात्र आपल्या वर्गांतून क्वचितच सांगितला जातो, आणि तो सांगितला जावा असे मला मनापासून वाटते.

यानावर: एक मोजणी आणि थोडी दारे

हा कोड म्हणजे पहिल्या श्रेणीचा रीड–मुलर कोड. डेव्हिड मुलर आणि आयर्विंग रीड यांनी हे कोडकुल १९५४ मध्ये दिले. तो तयार करायला यानावर लागणारे साहित्य आश्चर्य वाटावे इतके कमी आहे: ० ते ३१ मोजणारा पाच बिटांचा काउंटर आणि मूठभर लॉजिक गेट, म्हणजेच वरच्या मथळ्यातली 'दारे'.

माहितीचे सहा बिट आहेत. त्यांतला एक 'पाया'. उरलेले पाच बिट काउंटरच्या पाच घरांना एकेक जोडलेले. काउंटर चालू झाला की प्रत्येक ठोक्याला एवढेच करायचे: ज्या घराचा माहिती बिट १ आहे त्या घरातला अंक घ्या, बाकीची घरे सोडा, घेतलेले सगळे अंक आणि पाया यांचा एक्सॉर करा, म्हणजे त्यांतले १ विषम असतील तर १ आणि सम असतील तर ० लिहा. जो बिट निघेल तो पाठवा. बत्तीस ठोके, बत्तीस चिन्हे, शब्द तयार. स्मृती नको, तक्ता नको, गुणाकार नको.

इंजिनिअरच्या नजरेने पाहिले तर हा कोड इथेच अर्धी लढाई जिंकतो. यानावर जे जाते ते दुरुस्त करायला कुणी जाणार नाही. तिथे जितके कमी भाग तितकी झोप शांत. सगळी गुंतागुंत पृथ्वीवर ढकलायची, जिथे वीज आहे, जागा आहे आणि हातात सोल्डरिंग गन घेतलेला माणूस आहे.

पृथ्वीवर: हाताने करून पाहू

आता खरा प्रश्न. ३२ खरखरीत आकडे आले. ६४ शब्दांतला कुठला पाठवला होता? सरळ मार्ग म्हणजे प्रत्येक शब्दाशी ताडून पाहणे: शब्दात जिथे ० तिथे आलेला आकडा मिळवायचा, जिथे १ तिथे वजा करायचा; जी बेरीज येते तो ताळा. निम्मे शब्द उरलेल्या निम्म्यांचे उलटे आहेत, म्हणून ३२ ताळे पुरतात. प्रत्येकात ३१ बेरीज-वजाबाक्या, एकूण ९९२. सेकंदाला २,७०० गट म्हणजे २६ लाख ७८ हजार बेरजा-वजाबाक्या दर सेकंदाला, थांबता न येणाऱ्या. १९६० च्या दशकातल्या साहित्यावर हे जड काम आहे.

हे ३२ शब्द म्हणजे हॅडामार्ड मॅट्रिक्सच्याच ओळी, आणि त्यांच्याशी ताडताना पुष्कळ काम पुन्हा पुन्हा तेच होते. ते एकदाच करून जपून ठेवले की ९९२ च्या जागी १६० पुरतात. छोट्या भावंडावर करून पाहू: ८ चिन्हे, ४ बिट, दोन शब्दांतले अंतर ४. काउंटर ० ते ७, तीन घरे: चाराचे, दोनाचे, एकाचे. पाया १, चाराच्या घराचा बिट १, दोनाचा ०, एकाचा १ असा संदेश घ्या. निघणारा शब्द १ ० १ ० ० १ ० १. पाठवताना ० च्या जागी अधिक आणि १ च्या जागी उणे व्होल्टेज:

− + − + + − + −

वाटेत खरखर मिसळली आणि रिसीव्हरने मोजले:

−३, २, −४, −१, ३, −२, ४, −३

चौथा आकडा अधिक असायला हवा होता; तो उणे आला, पण कसाबसा, नुसता १. आता शेजारच्या जोड्या घ्या, प्रत्येकीची बेरीज आणि वजाबाकी लिहा:

−१, −५, −५, −३, १, ५, १, ७

पुन्हा तेच, पण या वेळी एक सोडून एक अशा जोड्या, म्हणजे पहिला-तिसरा, दुसरा-चौथा, पाचवा-सातवा, सहावा-आठवा:

−६, −८, ४, −२, २, १२, ०, −२

आणि शेवटी तीन घरे सोडून जोड्या, म्हणजे पहिला-पाचवा, दुसरा-सहावा असे:

−४, ४, ४, −४, −८, −२०, ४, ०

मोजणी ० पासून करायची. सगळ्यांत मोठा आकडा, चिन्ह सोडून, २०. तो ५ व्या जागी. ५ म्हणजे दोनाच्या पद्धतीत १०१: चाराचे घर १, दोनाचे ०, एकाचे १. चिन्ह उणे, म्हणून पाया १. संदेश जसाच्या तसा परत मिळाला, चुकलेल्या चिन्हासकट. तीन फेऱ्या, प्रत्येकी ८, अशा २४ बेरजा-वजाबाक्या. सरळ मार्गाने ५६ लागल्या असत्या.

हे वहीत स्वतः केल्याशिवाय पुढे वाचू नये असे मी म्हणेन. नुसत्या शब्दांनी न पटणारी एक गोष्ट त्यात दिसते: शिखराच्या जागेचा क्रमांक हाच संदेश. शोधायला तक्ता लागत नाही, सोडवायला समीकरणे लागत नाहीत. एन्कोडरमध्ये, म्हणजे यानावर शब्द तयार करणाऱ्या भागात, जो काउंटर चालला तोच डीकोडरमध्ये पत्ता म्हणून परत निघतो.

नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत रिचर्ड ग्रीन यांनी हेच गणित यंत्रात बांधले. एकापाठोपाठ एक पाच टप्पे, ३२ साठी पाच फेऱ्या लागतात म्हणून. एका बाजूने आकडे एकेक करून आत शिरतात, दुसऱ्या बाजूने ताळे एकेक करून बाहेर पडतात, शेवटी सर्वांत मोठा टिपून ठेवणारा भाग. त्याला 'ग्रीन मशीन' हे नाव पडले. आता सेकंदाचे काम ४ लाख ३२ हजार बेरजा-वजाबाक्यांवर आले आणि तेही पाच टप्प्यांत वाटून. १९६९ च्या मरिनर ६ आणि ७ वर हा वेगवान दुवा आधी वापरून पाहिला गेला होता. ९ वर तो रोजच्या कामाचा झाला.

'७ चुका' हा आकडा थोडा बाजूला ठेवा

पुस्तकातली ती ओळ म्हणते की हा कोड ७ चुका दुरुस्त करतो. अंतर १६ आहे, म्हणून ते खरेच. पण ग्रीन मशीनला या ७ शी देणेघेणे नव्हते. ते चुका मोजतच नव्हते. आकड्यांच्या ताकदीसह ताळे घेत होते.

फरक किती पडतो ते ५ टक्के चुकीच्या त्याच वाटेवर बघू. आधी प्रत्येक चिन्हाचा ठाम ० किंवा १ असा निकाल लावला आणि मग ७ पर्यंत चुका दुरुस्त केल्या, तर १०,००० गटांत १ ते २ बिघडतात. बिनकोडच्या संथ बोलण्यात ४ बिघडत होते. एवढ्या खटाटोपाचे फळ इतकेच! आता निकाल न लावता आकडे तसेच ठेवून ताळे घेतले, तर बिघडणारे गट अब्जात एक-दोन उरतात. कोड तोच, वाट तीच. सगळा फरक डीकोडरच्या दाराशी आकडा आत घेतला की नुसते चिन्ह, यात आहे.

प्रत्यक्षात एवढी शुद्धता चित्रांना नको असते, म्हणून अभियंते वाट आणखी कठीण होऊ देतात आणि वेग वाढवतात. २०० बिटांत १ चूक चालेल असे धरून हिशेब केला तर या कोडमुळे सुमारे २.२ डेसिबलची बचत होते, म्हणजे त्याच कामाला बिनकोड दुव्यावर दीडपटीहून जास्त ताकद लागली असती. या टोकाला वाट इतकी खराब असते की जवळजवळ पाचातले एक चिन्ह उलटे दिसते. ३२ मध्ये सरासरी सहा! ७ चुकांवर थांबणारा डीकोडर इथे वारंवार हात टेकेल. आकड्यांवर चालणारा टिकतो.

या पद्धतीचीही एक नाजूक बाजू आहे. वरच्या उदाहरणात चौथा आकडा −१ ऐवजी −९ करून पाहा, जणू जवळपास एखादी ठिणगी उडाली. शेवटची ओळ −१२, १२, १२, −१२, −१६, −१२, १२, −८ अशी येते. शिखर ४ व्या जागी सरकले, उत्तर चुकले. एकच चिन्ह बिघडले होते आणि नुसत्या चिन्हांवर चालणाऱ्या डीकोडरला ते सहज दुरुस्त करता आले असते. इलाज सोपा आहे: आत घेताना आकडा ४ पेक्षा मोठा असला तर ४ वरच छाटायचा. मग ५ व्या जागेवर −१७ येतो, त्याच्या मागचा −११, आणि उत्तर पुन्हा बरोबर. म्हणून आकडे मोजक्या पायऱ्यांत बसवणे ही निव्वळ काटकसर नसते. एका ठिणगीला सगळा निकाल फिरवू न देण्याची ती सोय असते. मंगळाच्या वाटेवरची खरखर शांत, एकसारखी असते, तिथे हे फार बोचत नाही. शहरातल्या रेडिओला मात्र बोचते.

शब्द कुठे सुरू होतो?

गणिताच्या वर्गात हा प्रश्न येतच नाही, कारण फळ्यावर शब्द जिथे लिहिला तिथेच सुरू होतो. रेडिओवर मात्र चिन्हांचा अखंड प्रवाह असतो. ३२ चे तुकडे एका घराने सरकवून पाडले तर यंत्र तितक्याच आत्मविश्वासाने कचरा काढून देईल. शिवाय सहाही बिट ० असले तर ३२ सारखीच चिन्हे जातात. असे दोन-चार शब्द लागोपाठ आले की प्रवाहात चढउतारच उरत नाही आणि चिन्हांच्या ठोक्याला धरून चालणारे रिसीव्हरचे घड्याळ भरकटते.

यावर केलेला उपाय मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत देखणा वाटतो. प्रत्येक शब्दात ३२ बिटांचा एकच ठरलेला नमुना एक्सॉर करून मिसळायचा. अंतरे जराही बदलत नाहीत, कारण सगळे शब्द एकत्रच सरकले. पृथ्वीवर तोच नमुना काढून टाकायचा, म्हणजे ठरलेल्या जागांवर आकड्यांची चिन्हे उलटायची, आणि मग नेहमीची यंत्रणा. नमुना असा निवडायचा की चुकीच्या जागी तुकडा पाडला तर कुठलाही ताळा पूर्ण उंचीला पोचूच नये. रिसीव्हरने बत्तीस सुरुवाती आजमावून पाहायच्या. जिथे शिखरे सातत्याने उंच येतात ती खरी सुरुवात. वेगळे खुणेचे शब्द पाठवायला नकोत, वेळ खर्च नको. एका जादा नमुन्याने घड्याळाचीही सोय झाली आणि सीमारेषेचीही.

दुसरे काय निवडता आले असते

त्या काळी हाताशी असलेला एक पर्याय कन्व्होल्यूशनल कोडचा होता; त्यात प्रत्येक चिन्ह आधीच्या काही बिटांवरही अवलंबून असते. १९६८ च्या पायोनियर ९ वर तो उडालाही, आणि ताकदीच्या बचतीत तो मरिनरच्या कोडपेक्षा सरस होता. पण त्याचा डीकोडर वाट शोधत पुढे जातो, अडला की मागे फिरतो. एखाद्या गटाला किती वेळ लागेल हे आधी सांगता येत नाही. पायोनियरच्या संथ दुव्यावर संगणकाला ते झेपले. सेकंदाला १६,२०० बिट सतत येत असताना असा डीकोडर एखाद्या वाईट क्षणी मागे पडेल आणि डेटा सांडेल. ग्रीन मशीनचा प्रत्येक शब्द नेमक्या तितक्याच ठोक्यांत सुटतो, आकाश कसेही असो. गुंतागुंत मोजताना सरासरी कामापेक्षा हे जास्त बघावे लागते.

गोले यांचा २४ बिटांचा कोड दुसरा पर्याय. १२ बिट माहिती, अंतर ८. दर बिटामागच्या ऊर्जेच्या हिशेबात अंतर आणि दर (एका चिन्हामागे माहितीचे बिट किती) यांचा गुणाकार महत्त्वाचा: मरिनरचा १६ × ६/३२ म्हणजे ३, गोलेचा ८ × १२/२४ म्हणजे ४. कागदावर गोले वरचढ, आणि बँडविड्थही कमी खातो. पण त्यात शब्द ४,०९६ आणि आकड्यांवर चालणाऱ्या डीकोडरला त्या वेळी इतका सरळ रस्ता नव्हता. कागदावर जास्त गुण मिळवणारा कोड बाजूला राहिला आणि पाच फेऱ्यांत सुटणारा मंगळावर गेला. माझ्या मते तो निर्णय बरोबरच होता, आणि तो गणिताच्या टेबलावर जेवढा झाला तेवढाच वर्कशॉपमध्येही झाला.

वायकिंगच्या मंगळयानांनीही हाच कोड नेला. नंतर त्याचे दिवस संपले. व्हिटर्बी यांनी १९६७ मध्ये दिलेली पद्धत यंत्रात बसवणे स्वस्त झाले आणि कन्व्होल्यूशनल कोडलाही ठरावीक वेळेत सुटणारा डीकोडर मिळाला. व्हॉयेजरने तो घेतला, चित्रांखेरीजच्या वैज्ञानिक डेटासाठी वरून गोले लावला, आणि युरेनसच्या वेळी चित्रे आकसून पाठवायची झाली तेव्हा रीड–सोलोमन हा आणखी एक कोड. आकसलेल्या चित्रात एक बिट चुकला तर पुढची सगळी ओळ बिघडते; २०० त एक चूक चालण्याचे दिवस गेले होते.

आणि तरीही ३२

मोबाइलमध्ये मोठा डेटा आज दुसरेच कोड वाहून नेतात. पण फोन आणि मनोरा यांच्यात सतत लहान लहान निरोप चालू असतात: डेटाचे पाकीट पोचले की नाही, सिग्नल किती चांगला आहे. यांतले बरेच निरोप ३ ते ११ बिटांचे असतात. इतक्या छोट्या निरोपाला मोठे कोड न्याय देऊ शकत नाहीत. ५जी च्या मानकात या लांबीसाठी ३२ चिन्हांचा कोडच ठेवलेला आहे, आणि तो रीड–मुलर घराण्यातलाच आहे. ११ बिटांचे २,०४८ शब्द होतात. ते सोडवायची रूढ रीत अशी: सहा बिटांसाठी मरिनरचाच पाया, उरलेले पाच बिट मिळून ३२ 'मुखवटे' ठरवतात. एकेक मुखवटा काढून पाहायचा, म्हणजे ठरलेल्या जागांची चिन्हे उलटायची, आणि प्रत्येक वेळी त्याच पाच फेऱ्या चालवायच्या. ३२ गुणिले १६०, म्हणजे ५,१२० बेरजा-वजाबाक्या. त्यांतून जे सर्वांत उंच शिखर निघेल ते उत्तर. ठरलेला नमुना मिसळून काढून टाकण्याची मरिनरची युक्ती इथे माहिती वाहायच्या कामी आली आहे.

१२ बिटांपासून पुढे ५जी चा नियंत्रण दुवा एर्दाल अरिकान यांच्या पोलर कोडकडे वळतो. त्याचा एन्कोडर कागदावर काढला की जोड्यांच्या त्याच फेऱ्या दिसतात: शेजारी-शेजारी, एक सोडून एक, तीन सोडून. बेरीज-वजाबाकीच्या जागी एक्सॉर आहे, आणि कुठल्या ओळी माहितीसाठी ठेवायच्या हे शब्दांमधल्या अंतराऐवजी त्या ओळीची वाट किती भरवशाची आहे यावरून ठरते. वरचे आठ आकड्यांचे उदाहरण ज्याने वहीत सोडवले असेल त्याला ते चित्र ओळखायला वेळ लागणार नाही.